मंडळावरील मनोविकारतज्ज्ञ

सह्याद्रीत उगम पावलेली कावेरी तंजावूरच्या मुलखात अनेक फाट्यांनी विभागली जाते आणि भातशेतीला पाणी पाजीत समुद्राला मिळते. या त्रिभुज प्रदेशातील गावांत घरचे कोणी भ्रमिष्टासारखे वागू लागले, की पुष्कळदा आईबाप प्रथम देवाचे दार गाठतात. नदीच्या वरच्या अंगाला, तिरुचिरापल्लीजवळ, गुणशीलम् येथील देवळात अशा रुग्णांना घेऊन कुटुंबे मुक्काम करतात. श्रद्धेला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु श्रद्धेच्या आडोशाला साखळी आली म्हणजे काय घडते, हे तमिळनाडूने ६ ऑगस्ट २००१ रोजी पाहिले. रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासाला आग लागली. साखळदंडांनी जखडलेल्या रुग्णांना पळता आले नाही. २८ जण मृत्युमुखी पडले.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अंमलात आला. त्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आणि दाद मागण्यासाठी पुनर्विलोकन मंडळांची योजना केली. मंडळाचे सभासद सहा. अध्यक्षस्थानी जिल्हा न्यायाधीश, त्या पदास पात्र असा न्यायिक अधिकारी किंवा निवृत्त जिल्हा न्यायाधीश. दुसरा जिल्हाधिकाऱ्याचा प्रतिनिधी. एक मनोविकारतज्ज्ञ व एक वैद्यकीय व्यावसायिक. आणि उरलेले दोघे स्वतः आजार सोसलेले, रुग्णाची सेवा करणारे किंवा या क्षेत्रातील संस्थांचे लोक.

हा मनोविकारतज्ज्ञ कोणाला म्हणावे? मान्यताप्राप्त विद्यापीठाची अथवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची मनोविकारशास्त्रातील पदव्युत्तर पदवी किंवा पदविका त्याच्यापाशी असावी, असे कायदा सांगतो. मात्र असे तज्ज्ञ सर्वत्र मिळत नाहीत, हे ओळखून एक वाट मोकळी ठेवली आहे. एखाद्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे या शास्त्रातील ज्ञान व अनुभव पाहून राज्य शासन त्यास मनोविकारतज्ज्ञ म्हणून घोषित करू शकते.

तंजावूरच्या संदर्भात येथे एक गोष्ट आठवते. दुसऱ्या सरफोजीराजांनी, ज्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी होती, आपल्या धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्य वैद्यकाचा मेळ घातला होता. आजचा कायदाही देशी परंपरेला परके मानीत नाही. सिद्ध, आयुर्वेद, युनानी अथवा होमिओपॅथीमध्ये मानसरोगविषयक पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांना तो मानसिक आरोग्य व्यावसायिक मानतो, आणि १५ वर्षांचा अनुभव असलेल्या अशा एका व्यक्तीस राज्य प्राधिकरणावर जागा देतो. पुनर्विलोकन मंडळावरील ती एक जागा मात्र मनोविकारतज्ज्ञाचीच आहे.

तथापि पदवी म्हणजे सर्वस्व नव्हे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कारावास भोगलेला, दिवाळखोर ठरलेला, शासकीय सेवेतून बडतर्फ झालेला, किंवा ज्याचे आर्थिक वा अन्य हितसंबंध कामाच्या आड येण्याचा संभव आहे, असा मनुष्य मंडळावर बसू शकत नाही. हे शेवटचे कलम अत्यंत मोलाचे आहे. ज्याची मिळकत रुग्णाला खाटेवर ठेवण्यावर अवलंबून आहे, तोच त्याला घरी धाडण्याचा निर्णय निःपक्षपातीपणे कसा देणार? सभासदत्वाची मुदत पाच वर्षे, आणि वयाची मर्यादा ७०.

आता शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या एका आईचा विचार करा. मुलगा दवाखान्यात आहे. त्याला परत आणावे की ठेवावे, हे तिला उमगत नाही. रुग्णाने स्वतः किंवा त्याने नेमलेल्या प्रतिनिधीने मंडळाकडे अर्ज करावा. त्यास शुल्क पडत नाही. निर्णय सर्वसंमतीने, न जमल्यास बहुमताने होतो, आणि तो न पटल्यास ३० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येते. तज्ज्ञाच्या मताला तेथे वजन आहे, पण शेवटचा शब्द त्याच्या एकट्याचा नाही.

म्हणून नेमणूक होईल तेव्हा शिक्षण काय, हे विचारावे. आणि हा मनुष्य कोणाच्या उपकारात आहे काय, हेही विचारावे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर त्या आईने त्याच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.