चक्कर एक, काढे दोन: चिनी वैद्य आधी काय विचारतात?

चालता चालता हा एपिसोड ऐकत असाल आणि डोकं गरगरत असेल, तर आधी खाली बसा. आजचा विषयच चक्कर आहे.

आपल्याकडे चक्कर आली की घरातला पहिला निकाल ठरलेला: "पित्त झालंय!" पारंपरिक चिनी वैद्य आधी प्रश्न विचारतो. चेहरा लाल होतो का? झोप लागते का? मळमळतं का? मग तो जीभ बघतो, नाडी बघतो. आणि उत्तरांप्रमाणे काढा बदलतो. हे 'बदलणं' लक्षात ठेवा.

थ्येनमा म्हणजे काय?

चक्करवरच्या चिनी औषधांत एक नाव सतत येतं, थ्येनमा. हा एका ऑर्किडचा कंद. झाड मोठं अजब आहे. त्याला हिरवी पानं नाहीत, म्हणजे उन्हातून अन्न बनवायची सोयच नाही. लाकूड कुजवणारी एक बुरशी या कंदात शिरते आणि कंद तिलाच पचवून जगतो! शेतकऱ्यांना हे गणित 1960 च्या दशकात नीट जमलं. तेव्हापासून बुरशी लावलेले ओंडके जमिनीत पुरून थ्येनमाची शेती होते. युन्नान प्रांतातला चाओथोंग भाग त्यासाठी प्रसिद्ध आहे, तिथे हा कंद कोंबडीच्या सूपमध्येही घालतात. औषधासाठी कंद वाफवून वाळवतात.

दोन काढे

चिनी वैद्यकात खूप जुनी समजूत आहे की गरगरणं म्हणजे शरीरातला 'वारा', आणि त्याचं नातं यकृताशी. हे 'यकृत' म्हणजे आपल्या रक्ततपासणीतलं लिव्हर नव्हे, तो त्यांच्या शास्त्रातला कामांचा एक गट आहे. चौदाव्या शतकातल्या चू तानशी या वैद्याने मात्र बोट ठेवलं कफावर.

या दोन विचारांचे दोन काढे.

पहिला, थ्येनमा गौथंग यिन. डोकेदुखी, लाल चेहरा, चिडचिड, झोप उडालेली, अशा माणसासाठी. यात 11 घटक आहेत. गौथंग ही आकड्यांसारखे काटे असलेली वेल. ती काढ्यात शेवटी टाकतात, जास्त उकळली की तिचा गुण कमी होतो. नाव पुरातन वाटलं तरी हा काढा 1958 च्या एका पुस्तकातला आहे.

दुसरा, बानश्या बायजू थ्येनमा थांग. डोकं जड, जणू ओलं फडकं गुंडाळलंय, मळमळ, जिभेवर पांढरा चिकट थर, अशा माणसासाठी. याची एक प्रसिद्ध कृती 1732 च्या ग्रंथात आहे. त्यात संत्र्याच्या जातीच्या फळाची साल, आलं आणि आपलं ज्येष्ठमधही असतं.

थ्येनमा दोन्हींत आहे, बाकीची मंडळी जवळपास सगळी वेगळी. म्हणून ऑनलाइन 'चक्करचं चिनी औषध' असं एकच पाकीट मागवणं त्या परंपरेलाही धरून नाही.

पुरावा किती?

थ्येनमातला गॅस्ट्रोडिन हा घटक चीनमध्ये गोळ्या-इंजेक्शनच्या रूपात वापरला जातो. काढ्यांवर तिथे बरेच अभ्यास झालेत, पण बहुतेक लहान आणि कच्चे. पहिला काढा उच्च रक्तदाबावरही देतात. कॉक्रेनच्या तज्ज्ञांनी 2012 मध्ये त्याचे पुरावे शोधले, तेव्हा त्यांच्या निकषात बसणारी एकही चाचणी सापडली नाही. म्हणजे 'काम करत नाही' हे सिद्ध झालं असं नाही, आणि 'करतो' हेही नाही.

धोके मात्र खरे आहेत. बानश्या कच्चा विषारी असतो, त्यावर आलं-तुरटीची प्रक्रिया करावीच लागते. ज्येष्ठमध जास्त झालं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. बीपीची गोळी चालू असेल किंवा गरोदर असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

मग आपण काय करायचं?

चिनी वैद्याची सवय उचला: चक्कर कशी येते ते नीट बघा. कूस बदलली की अर्धा-एक मिनिट खोली गरगर फिरते? तर बहुधा आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागचे हललेत. त्यावर डॉक्टर डोकं ठरावीक दिशांना वळवून काही मिनिटांत उपचार करतात, बऱ्याचदा काढाही नको आणि गोळीही नको. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते? बीपी आणि हिमोग्लोबिन तपासा.

आणि चक्करसोबत तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसायला लागले किंवा चालताच येईना, तर काढा उकळत बसू नका. तो स्ट्रोक असू शकतो. लगेच 108 लावा. तिथे मिनिटामिनिटाला मेंदूचं नुकसान होतं.

घरात कुणी "चक्कर येतेय" म्हणालं, तर "पित्त असेल" म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारा: नेमकं काय होतं? आणि कधी होतं? उत्तरं फोनमध्ये लिहून ठेवा, डॉक्टरांना तीच लागतात. पुढच्या एपिसोडमध्ये भेटूच. काळजी घ्या!