पाटीवर न येणारी देणगी

मराठवाड्यात डोळ्यांच्या उपचारांना दान मिळत नाही, अशी तक्रार करायला जागा नाही. जालन्याचं गणपती नेत्रालय आणि उदगीरचं लायन्स नेत्ररुग्णालय ही धर्मादाय कामाची या भागातली परिचित नावं आहेत. मूळच्या लातूर जिल्ह्यातल्या डॉ. तात्याराव लहाने यांच्यामुळे मोतीबिंदूची शिबिरं गावोगाव माहीत झाली. धाराशिव जिल्ह्यात पुढाऱ्याचा वाढदिवस आला की शिबिराचा फलक लागतोच. प्रश्न आहे तो दान कशाला मिळतं याचा. इमारतीला, यंत्राला आणि शिबिराला दाता मिळतो, कारण तिथे संगमरवरी पाटी लावता येते, निदान फोटो तरी निघतो. परंड्याच्या म्हातारीला गावातून तपासणीला, तिथून शस्त्रक्रियेला आणि महिन्याने पुन्हा तपासणीला आणणाऱ्या माणसाच्या पगाराला मात्र कुणी वाली नसतो. विभागीय नेत्रकेंद्राला पैसा द्यायचा, तर तो आधी या बिनपाटीच्या खर्चाला द्यावा, असं माझं मत आहे.

2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांमध्ये अंधत्वाचं प्रमाण 1.99 टक्के आढळलं, आणि त्यातलं सुमारे दोन तृतीयांश मोतीबिंदूमुळे होतं. म्हणजे जो आजार अर्ध्या तासाच्या आत भिंग बसवून बरा होतो, तोच सर्वांत जास्त लोकांना आंधळं ठेवतो. इथे अडतं ते गाडीभाड्यावर, सोबत येणाऱ्या मुलाच्या बुडणाऱ्या रोजावर आणि ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही’ या जुन्या समजुतीवर. कळंब, भूम, वाशीकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या काळात गावात शिबिर भरवून काय साधणार? मोतीबिंदू निदान एका खेपेत तरी निघतो. काचबिंदूचे थेंब जन्मभर घालावे लागतात. मधुमेहाने पडदा बिघडला तर लेसर किंवा इंजेक्शनसाठी पुन्हा पुन्हा जावं लागतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचा पडदा महिन्याच्या आत तपासला नाही, तर कायमची दृष्टी जाऊ शकते. यातलं काहीही एका दिवसाच्या शिबिरात बसत नाही.

हे सरकारचं काम आहे, असं कुणी म्हणेल. आहेच. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे आणि स्वयंसेवी रुग्णालयांना त्यातून मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेमागे दोन हजारांच्या घरात अनुदान मिळत आलं आहे. पण त्यातच साहित्य, भिंग, चष्मा आणि रुग्णाची ने-आण बसवायची असते. आणि पैसे शस्त्रक्रियेचे असल्यामुळे, जो रुग्ण टेबलापर्यंत पोचलाच नाही त्याच्या शोधाचा खर्च कुणाच्याच हिशेबात येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी 1976 मध्ये मदुराईत 11 खाटांवर सुरू केलेलं अरविंद रुग्णालय पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या जोरावर बाकीच्यांना मोफत बघतं. मग इथेच देणगी कशाला? एक तर अरविंदच्या ऑरोलॅबलाही, म्हणजे ज्या कारखान्याने 1992 पासून भिंगांची किंमत खाली आणली त्यालाही, उभं राहताना सेवा फाउंडेशनसारख्यांची मदत लागलीच. आणि धाराशिवमधला पैसे भरू शकणारा रुग्ण सोलापूर नाहीतर पुणे गाठतो. लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी उरतो तो चष्म्याचे पैसे जमवताना दमणारा.

मग धाराशिवलाच मोठं नेत्रालय का बांधू नये? हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेने मांडलेलं गणित इथे उपयोगी पडतं: 50 हजार लोकांमागे डोळे तपासून चष्मा देणारं एक दृष्टिकेंद्र, 5 लाखांमागे शस्त्रक्रियेची सोय असलेलं एक केंद्र आणि 50 लाखांमागे एक विशेषज्ञ रुग्णालय. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाख होती. म्हणजे तेहतीसेक दृष्टिकेंद्रं, तीन शस्त्रक्रिया केंद्रं आणि विशेषज्ञ रुग्णालयाचा जेमतेम तिसरा हिस्सा. हा तिसरा हिस्सा सोलापूर-लातूरशी वाटून घेण्यात कमीपणा नाही. खरी वाण त्या तेहतिसांची आहे. त्यामुळे देणगी जिल्ह्याबाहेरच्या रुग्णालयाला गेली तरी बिघडत नाही, फक्त ती धाराशिवच्या तालुक्यांतल्या केंद्रांसाठी, तंत्रज्ञांसाठी आणि गाडीसाठी बांधून द्यावी.

विश्वासाचा मुद्दा उरतो, आणि तो रास्त आहे. आयकर सवलतीची 80जी पावती संस्थेची नोंदणी सांगते, काम सांगत नाही (नव्या करप्रणालीत ती सवलतही नाही). किती शस्त्रक्रिया केल्या, हा आकडा प्रत्येक संस्था आपणहून छापते. दात्याने वेगळे आकडे मागावेत: शस्त्रक्रियेनंतर किती जणांना तक्त्यावरच्या कितव्या ओळीपर्यंत दिसू लागलं, पडद्याच्या किती रुग्णांनी इंजेक्शनं अर्ध्यात सोडली, आणि पावसाळ्यात तपासलेल्यांपैकी किती जणांवर तोडीला जाण्याआधी उपचार झाले. जी संस्था हे तालुकावार देऊ शकते, तिला एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा पाच वर्षं दरमहा थोडी रक्कम द्यावी; तंत्रज्ञाचा पगारही दरमहाच द्यावा लागतो.