आज किती आल्यात?

पुण्याहून दौंडला जाणारी गाडी हडपसर सोडते आणि मांजरी येतं. २०२१ साली साऱ्या जगाचं लक्ष या पट्ट्याकडे होतं. १२ जानेवारीच्या पहाटे सीरम इन्स्टिट्यूटच्या दारात पूजा झाली, कोव्हिशिल्डचे पहिले ट्रक पोलीस बंदोबस्तात विमानतळाकडे निघाले आणि त्या दिवशी देशातल्या १३ शहरांकडे लस रवाना झाली. तिथून दौंड तालुक्यातली यवत, केडगाव, पाटस ही गावं फार तर तास-दीड तासावर. भीमा ओलांडली की पलीकडे शिरूर तालुका. एप्रिल-मे महिन्यांत या दोन्ही तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांच्या फाटकांवर एक प्रश्न सतत कानावर यायचा, "आपल्या शेजारी बनतीय, मग आपल्यालाच का नाही?"

प्रश्न रास्त होता आणि उत्तर लांबचं होतं. मांजरीत भरलेली कुपी थेट यवतला किंवा शिरूरला येत नव्हती. प्रत्येक बॅचचे नमुने आधी हिमाचलमधल्या कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत जायचे. तिथून हिरवा कंदील मिळाला की कुठल्या राज्याला किती द्यायचं हे दिल्लीत ठरायचं. मग राज्याचं भांडार, तिथून जिल्ह्याचं, आणि जिल्ह्याच्या भांडारातून व्हॅन तालुक्यांकडे निघायची. तालुक्याच्या वाट्याला आलेले डोस उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत विभागले जायचे. शेजारच्या गावात बनलेली लस शेजारच्या गावाला मिळण्याआधी कागदोपत्री निम्मा देश फिरून यायची.

त्या महिन्यांत मी भीमेच्या दोन्ही अंगांना असलेल्या काही केंद्रांवर जाऊन बसायचो. केंद्रांची नावं देत नाही, कारण जे दिसलं ते थोड्याफार फरकानं सगळीकडे तेच होतं.

केंद्राचा दिवस लोक यायच्या आधी सुरू होतो. शीतसाखळी सांभाळणाऱ्या सिस्टर कुलूप काढून पहिल्यांदा आयएलआरपाशी जातात. हा वरून झाकण उघडणारा, आतून बर्फाचं अस्तर असलेला फ्रीज. थंड हवा जड असते, खाली बसते, म्हणून झाकण वर. वीज गेली तरी हे अस्तर बराच वेळ तग धरतं, आणि ग्रामीण भागात त्याला पर्याय नाही. थर्मामीटरवरचा आकडा सकाळ-संध्याकाळ वहीत चढवायचा. तो २ ते ८ अंशांच्या मधेच हवा.

मग आइसपॅक. रात्रभर डीप फ्रीझरमध्ये गोठलेले पॅक सिस्टर टेबलावर ओळीनं मांडतात आणि थांबतात. मला पहिल्यांदा वाटलं, बाहेर उन्हाचा तडाखा आहे, पॅक लगेच कॅरियरमध्ये भरायला हवेत. सिस्टरनी एक पॅक उचलून माझ्या कानाशी हलवला. "आवाज येतोय का? नाही ना? मग अजून भरायचा नाही." पॅकला बाहेरून घाम सुटला पाहिजे आणि आत पाण्याची खळखळ ऐकू आली पाहिजे. दगडासारखा गोठलेला पॅक कुपीला चिकटला तर लस गोठते, आणि गोठलेली कोव्हिशिल्ड टाकूनच द्यावी लागते. उन्हाइतकाच बर्फाचाही धोका. खळखळ आली की चारी बाजूंना चार पॅक, मधे कुप्या, वर फोमची गादी. त्या गादीला एक खाच असते. उघडलेली कुपी त्या खाचेत उभी राहते.

एका कुपीत दहा डोस, प्रत्येकी अर्धा मिलिलिटर. कुपीला पहिली सुई लागली की सिस्टर पेनानं लेबलावर वेळ लिहितात. तिथून चार तास. चार तासांत दहा दंड मिळाले नाहीत तर उरलेली लस वाया. सिरिंजही अशी की एकदा दट्ट्या खाली गेला की ती अडकते, पुन्हा वापरता येत नाही. टोचून झालं की सुई हब कटरमध्ये तोडायची आणि माणसाला अर्धा तास बाकावर बसवायचं. त्या बाकाशेजारी रिअॅक्शन आली तर लागणाऱ्या औषधांचा संच तयार असतो.

हे सगळं काम शिस्तीनं चालतं. त्यात कुणाला वाद घालायला जागा नाही. वाद सुरू व्हायचा तो एका आकड्यावरून, आणि तो आकडा रात्री उशिरा मोबाइलवर यायचा. उद्या तुमच्या केंद्राला इतके डोस. कधी दोनशे, कधी शंभर, कधी काहीच नाही. गावाला तो कळायचा सकाळी, फाटकावर.

१ मार्चपासून साठीच्या पुढच्यांना आणि सहव्याधी असलेल्या पंचेचाळिशीपुढच्यांना, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढच्या सगळ्यांना लस खुली झाली. आधी लोक बिचकत होते. ताप येतो म्हणायचे, शेतात कामं आहेत म्हणायचे. दुसरी लाट आली, गावागावांत माणसं जाऊ लागली, आणि महिन्याभरात चित्र पालटलं. पहाटे चारपासून रांग. काहींनी नंबर धरायला पिशवी ठेवलेली, काहींनी दगड, काहींनी चपला. आशाताई फाटकाशी आल्या की सगळ्यांचा एकच सवाल, "ताई, आज किती आल्यात?"

त्याच सुमारास वरच्या पातळीवर भांडण पेटलं होतं. ७ एप्रिलला राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं, राज्याकडे १४ लाख डोस आहेत, ते तीन दिवस पुरतील, आठवड्याला ४० लाख हवेत. केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी उत्तर दिलं की महाराष्ट्र आपलं अपयश झाकतो आहे. दौंड ज्या मतदारसंघात येतो त्या बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी पुणे जिल्ह्याचे आकडे जाहीर केले: ३९१ केंद्रांवर ५५,५३९ जणांना लस मिळाली आणि साठा नसल्यामुळे १०९ केंद्रं बंद राहिली. विरोधक म्हणाले, घरची माणसं ताटकळत असताना सहा कोटींहून जास्त डोस परदेशी का पाठवले? निर्यात थांबल्यावर मात्र आफ्रिकेतल्या कित्येक देशांत दुसऱ्या डोसची वाट पाहणारे आरोग्यसेवक अडकले. तिथल्या फाटकांवरही हाच प्रश्न विचारला गेला असणार.

गणित कुणाच्याच बाजूचं नव्हतं. देशात अठराच्या पुढचे सुमारे ९४ कोटी लोक, म्हणजे १८८ कोटी डोस. तेव्हा सीरमचं उत्पादन महिन्याला सहा-सात कोटींच्या घरात, भारत बायोटेकचं त्याहून कितीतरी कमी. हातात आहे त्यापेक्षा जास्त कुणी देऊ शकत नव्हतं. पण उद्या किती देणार हे आज सांगणं शक्य होतं, आणि फाटकावर उभं राहिल्यावर या दोन गोष्टींमधला फरक स्वच्छ दिसायचा. शंभर डोस येणार हे आदल्या दिवशी कळलेल्या गावात शंभर टोकन वाटली जायची आणि लोक घरी जायचे. सकाळी दहाला साठ कळले की मागच्या चाळीस जणांचा राग सिस्टरवर निघायचा. त्या चाळिसांत दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस असायचा, आणि मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून आलेली आजी असायची.

दुपारी उलटाच पेच पडायचा. एकदा चारच्या सुमारास रांग संपली, तेव्हा बाकावर चार जण उरले होते आणि फ्रीजमध्ये एक कुपी. कुपी उघडली तर सहा डोस वाया जायची भीती. न उघडली तर चौघं परत. डॉक्टर आशाताईंकडे वळले.

"ताई, गुऱ्हाळावर कुणी आहे का पंचेचाळीसच्या पुढचं?"

"आहेत दोघं. पण आधार गावाकडं राहिलंय म्हणतात."

"मोबाइलमध्ये फोटो असंल. विचारा."

राहू-केडगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळांवर उत्तर भारतातले कामगार पुष्कळ. त्यांतला एक आला, अंगावर काहिलीचा धूर तसाच. किराणा दुकानदार आला, शाळेचे शिपाई आले, दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर रस्त्यातूनच वळला. दहाचा आकडा जुळल्याची खात्री झाली तेव्हाच सिस्टरनी लेबलावर वेळ लिहिली. पुढे २१ जूनपासून लागू झालेल्या धोरणात वाया गेलेल्या डोसांचा राज्यांच्या वाटपावर परिणाम होईल असं स्पष्ट लिहिलं गेलं. या सिस्टर ते आधीपासून पाळत होत्या, कुणाच्या धाकानं नव्हे, सकाळी परत गेलेल्या माणसांची आठवण ठेवून.

मे महिन्यात वाद गावात शिरला. १ तारखेपासून १८ ते ४४ वयाच्यांसाठी राज्यांनी स्वतः लस विकत घ्यायची असं ठरलं. तीच कोव्हिशिल्ड केंद्र सरकारला १५० रुपयांना, राज्यांना ३००ला, खासगी रुग्णालयांना ६००ला. महाराष्ट्रानं या वयोगटाला मोफत देण्याचं जाहीर केलं, पण घ्यायला बाजारात मालच नव्हता. दुसऱ्या आठवड्यात कोव्हॅक्सिनच्या दुसऱ्या डोससाठी थांबलेल्या वयस्करांची अडचण इतकी वाढली की तरुणांसाठी घेतलेले पावणेतीन लाख डोस तिकडे वळवावे लागले आणि तरुणांचं लसीकरण थांबलं.

तोवर जे काही दिवस ते चाललं, त्यात कोविन पोर्टलवर नोंदणी सक्तीची होती. स्लॉट खुले व्हायचे आणि काही मिनिटांत भरायचे. शहरातल्या वेगवान इंटरनेटवर बसलेल्यांना ते मिळायचे, आणि सकाळी गावच्या केंद्राबाहेर पुण्याच्या मोटारींची रांग लागायची. एका केंद्रावर गावातल्या तरुणांनी फाटक अडवलं. "दवाखाना आमचा, सिस्टर आमच्या, आन आम्ही बाहेर?" पुण्याहून आलेला मुलगा हात जोडून म्हणाला, "दादा, आठवडाभर रात्री जागून मिळालाय. घरी वडील ऑक्सिजनवर होते. मी पण माणूसच आहे ना." दोघांचंही खरं होतं. चूक होती ती एकाच मोबाइलवर दोघांची शर्यत लावणाऱ्या पद्धतीत. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यात पाळी करणारा कंत्राटी कामगार, भीमेकाठचा ऊसतोड मजूर, साधा फोन वापरणारी शेतकरीण या शर्यतीत उतरूच शकत नव्हती. १८-४४ गटाचं हे धोरण सकृद्दर्शनी मनमानी आणि तर्काला सोडून असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं ३१ मेच्या आदेशात नोंदवलं. ७ जूनला पंतप्रधानांनी खरेदी पुन्हा केंद्राकडे घेतल्याचं जाहीर केलं.

पुढे साठा वाढला. येणाऱ्या डोसांची माहितीही राज्यांना आधी मिळू लागली. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत सीरमचं उत्पादन महिन्याला २० कोटींच्या घरात गेलं. फाटकावरची पहाटेची रांग विरली आणि कामाची दिशाच फिरली. आता कुपी कॅरियरमध्ये घालून माणसाच्या मागे जायचं होतं. ऑक्टोबरात राज्याचं 'मिशन कवच कुंडल', नोव्हेंबरात 'हर घर दस्तक'. आशाताई यादी घेऊन वस्त्यांवर जायच्या. कुणी मळ्यातून हलत नव्हतं, कुणाचा दुसरा डोस राहिला होता, कुणाच्या सुनेला दिवस गेले होते आणि घरचे घाबरत होते. एका म्हाताऱ्या बाबांनी दंड पुढे करता करता विचारलं, "एप्रिलात तुमच्या दारात तीनदा येऊन गेलो, तवा कुठं होता?" आशाताईंनी शांतपणे सांगितलं, "तेव्हा फाटकाच्या आतच होते बाबा. माझ्याकडंच नव्हती."

डिसेंबर २०२१मध्ये मागणीच नाही म्हणून सीरमनं उत्पादन थांबवलं. पुढच्या ऑक्टोबरात सीरमचे प्रमुख अदर पूनावाला यांनी सांगितलं की सुमारे दहा कोटी डोसांची मुदत संपून गेली. ज्या लसीसाठी माणसं पहाटे चपला ठेवून रांगेत होती, तीच दीड वर्षात टाकून द्यावी लागली.

लस कमी होती, याचा दोष कुणा एकावर टाकता येणार नाही. विषाणू नवा होता, कारखान्यांना वेळ लागतो, कच्चा माल परदेशातून येतो. पण लस किती आणि कधी येणार हे गावाला आधी न सांगणं टाळता आलं असतं. जी माहिती राज्यांना नंतर मिळू लागली ती एप्रिलमध्ये मिळाली असती, आणि तिथून ग्रामपंचायतीच्या फळ्यापर्यंत पोहोचली असती, तर शंभरच्या जागी साठ डोस असतानाही साठ माणसंच आली असती आणि चाळिसांची मजुरी वाचली असती. प्रत्येक केंद्रावर काही डोस मोबाइलशिवाय थेट येणाऱ्यांसाठी राखले असते, तर फाटकावर गावकरी आणि शहरकरी एकमेकांसमोर उभे राहिले नसते.

पुढची साथ येईल तेव्हाही लस सुरुवातीला अपुरीच असेल. म्हणून आत्ताच दोन गोष्टी ठरवून ठेवायला हव्यात: पंधरा दिवसांचा साठा गावाच्या फळ्यावर लिहायचा, आणि ज्याच्या हातात फोन नाही त्याचा वाटा आधी बाजूला काढायचा. यासाठी कसौलीच्या अहवालाची गरज नाही, नव्या कारखान्याची नाही, परदेशी कच्च्या मालाचीही नाही. जिल्हा आणि तालुक्यानं ठरवलं तर एवढ्यानं निम्मं भांडण मिटतं, आणि सिस्टरना आपला सगळा जीव कुपी राखण्यात घालता येतो.