इंग्रजीतील लाडकी संबोधने : त्यांचा अर्थ व मर्यादा

राज्यातील प्राथमिक शाळांत २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजीचे अध्यापन सुरू झाले. पुढे पत्रलेखनाचा पाठ आला, की एक अडचण बऱ्याच वर्गांत उद्भवते. फळ्यावर ‘डियर सर’ हे शब्द लिहून शिक्षक सवयीने सांगतात, ‘डियर म्हणजे प्रिय.’ सातवीतील एखादी मुलगी तेथे थबकते. मुख्याध्यापकांकडे रजेचा अर्ज करावयाचा आणि आरंभी ‘प्रिय’ कसे लिहावयाचे? मागच्या बाकावर कोणी हसते, आणि त्या मुलीस इंग्रजी भाषाच थोडी थिल्लर वाटू लागते. वस्तुतः तिची शंका रास्त आहे. अपुरे आहे ते तिला मिळालेले उत्तर.

‘डियर’ हा शब्द फार जुना. प्राचीन इंग्रजीत त्याचे दोन अर्थ होते, जिवलग आणि मौल्यवान. इंग्लंडात महाग वस्तूला आजही ‘डियर’ म्हणतात. मराठीतील ‘मोलाचा’ हा शब्द माणसालाही लागतो आणि जिनसेलाही लागतो, तसाच हा प्रकार. ‘डार्लिंग’ हा याच कुळातला. ‘हनी’ म्हणजे मध आणि ‘पेट’ म्हणजे हौसेने पाळलेले जनावर. आपल्याकडील ‘सोन्या’, ‘राजा’ यांच्याच जातीचे हे शब्द होत. मात्र कोशातील अर्थ कळला म्हणजे वापर कळला असे होत नाही. तो कोण कोणास आणि कोठे उच्चारतो, यावर सारे अवलंबून असते.

पत्राच्या आरंभीचा ‘डियर’ केवळ शिष्टाचाराचा आहे. जुन्या मराठी पत्रांत ‘साष्टांग नमस्कार’ लिहिणारा गृहस्थ काही लोटांगण घालून मग लेखणी उचलीत नसे, ‘स. न. वि. वि.’ ही अक्षरे लिहितानाही कोणी हात जोडीत नाही. ‘डियर सर’चे तेच. तेव्हा त्याचे मराठी ‘प्रिय महोदय’ असे शब्दशः न करता, ‘आपण जेथे स. न. वि. वि. लिहितो तेथे इंग्रज हा शब्द लिहितात’ असे सांगितल्यास मुलांस ते चटकन उमगते. या शिष्टाचारातही देशपरत्वे गमती आहेत. एके काळी इंग्लंडात ‘माय डियर’ असा आरंभ अधिक जवळिकीचा समजला जाई, तर अमेरिकेत तोच अधिक औपचारिक मानीत.

बोलण्यातील संबोधनांचा प्रांत याहून रंगतदार आहे. यॉर्कशायर परगण्यात बसचालक उतारूस ‘लव्ह’ म्हणतो. उतारू पुरुष असला तरी म्हणतो. न्यूकॅसलच्या बाजूस ‘पेट’ आणि ‘हिनी’ ऐकू येतात. ‘हिनी’ हे ‘हनी’चेच तिकडील रूप. स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी स्त्रियांना ‘हेन’, म्हणजे कोंबडी, म्हणण्याची रीत आहे. डर्बी, नॉटिंगहॅम व स्टोक या भागांत स्त्रीपुरुष सर्वांनाच ‘डक’, म्हणजे बदक, म्हणतात. हा शब्द लाडाच्या अर्थाने शेक्सपिअरच्या नाटकातही आढळतो. ब्रिस्टलकडील दुकानदारीण तर सुटे पैसे हातावर ठेवताना गिऱ्हाइकास ‘माय लव्हर’ म्हणेल. त्यात प्रीतीचा मागमूसही नसतो, आणि बदक म्हटले म्हणून तेथे कोणी रागावत नाही.

एस. टी.त ‘मावशी, जरा सरकता का?’ असे म्हणणाऱ्याचे त्या बाईंशी रक्ताचे नाते नसते. अनोळखी माणसास मराठी माणूस नात्यात ओढतो, तर या भागांतला इंग्रज लाडात ओढतो. दोहोंचा हेतू परकेपणा घालवण्याचाच. पण एक मोठा भेद आहे. दादा, ताई, मावशी, आजी हे शब्द वय पाहून निवडले जातात आणि त्यांच्यात आदर असतो. इंग्रजी लाडक्या शब्दांत आदराची हमी नाही. लाड लहानांचे करावयाचे असतात. म्हणून बरोबरीच्या माणसास असा शब्द वापरला, तर त्याला लहान लेखल्यासारखे होते. २७ एप्रिल २०११ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात प्रधानमंत्री डेव्हिड कॅमरन यांनी विरोधी मजूर पक्षाच्या सदस्या अँजेला ईगल यांना ‘डियर’ असे संबोधून शांत होण्यास सांगितले. ते एका जाहिरातीतील विनोदी वाक्य होते, असा खुलासा झाला. तरी स्त्रीसदस्येस तुच्छ लेखले म्हणून क्षमायाचनेची मागणी झालीच. बसचालकाने ‘लव्ह’ म्हटलेले जेथे कोणाच्या लक्षातही येत नाही, त्याच देशातील ही गोष्ट.

खेड्यांतील मुलेमुली आता पुण्यामुंबईच्या दूरध्वनी सेवा केंद्रांत नोकरीस लागतात व इंग्लंडातील गिऱ्हाइकांशी बोलतात. पलीकडून कोणी ‘थँक्स, लव्ह’ म्हणाल्यास मुलीने लाजण्याचे कारण नाही, आणि त्याला प्रेमाची खूण समजणे तर भाबडेपणाच ठरेल. तथापि ‘ते सारे सहजच असते’ असे मुलींना सरसकट सांगणेही धोक्याचे. गोड शब्दाच्या आडून सलगी करणारी माणसे सर्व देशांत आहेत. नको म्हटल्यावरही जो थांबत नाही, त्याचा शब्द मग सहज राहत नाही. अशा वेळी माझ्या नावाने हाक मारा, असे स्पष्ट म्हणण्याचे इंग्रजी वाक्य मुलींना पाठ असावे. ते वर्गात शिकवण्यास दोन मिनिटे पुरतात.

उलट बाजूही पाहावी. आपल्याकडे भ्रमणध्वनीवरील संदेशांत ‘हॅलो डियर’, ‘गुड मॉर्निंग डियर’ असे लिहिण्याची चाल पडली आहे, आणि शिक्षकांचे गटही तिला अपवाद नाहीत. लिहिणाऱ्याच्या मनात पुष्कळदा केवळ सौजन्य असते. इंग्लंडातील अपरिचित स्त्रीस मात्र असा संदेश गेल्यास ती तो आगाऊपणा समजेल. आपल्याकडील शिक्षिकांनाही तो अनेकदा खटकतो, पण त्या संकोचाने बोलत नाहीत. पत्राच्या आरंभी ‘डियर’पुढे ‘सर’, ‘मॅडम’ किंवा व्यक्तीचे नाव येते, तेव्हा तो शिष्टाचार असतो. पुढे काहीही न येता तो एकटाच उभा राहिला, की लाडाचा शब्द होतो, आणि तो फक्त घरच्या किंवा जवळच्या माणसासच लिहिता येतो.