धुराचा हिशेब

नशिराबादच्या आमच्या जुन्या घरात चातुर्मासाची सकाळ धुरानेच उजाडत असे. आयंबिल-उपवास करणाऱ्यांसाठी पाणी उकळायचे, घरातील पंधरा-वीस माणसांसाठी बंब पेटवायचा. श्रावणातली दमट लाकडे पेट घेत नसत, आणि मातोश्री फुंकणी घेऊन डोळे चोळत चुलीपुढे बसून राहत. उतारवयात त्यांना दम्याने गाठले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "स्वयंपाक कशावर करता?" आम्हा भावांच्या माना खाली गेल्या. वखारीतून स्वस्त म्हणून ओले लाकूड आणणारे आम्हीच होतो.

या प्रश्नाचे शास्त्र मला फार उशिरा, तेही परदेशात उमगले. सेवानिवृत्तीनंतर अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात पुतण्याकडे हिवाळा काढला. त्याच्या दिवाणखान्यात लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी होती. घरात धुराचा वासही नव्हता. धूर म्हणजे जळायचे राहून गेलेले इंधन. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, न झालेली वसुली. एरवी हा धूर जळण्यास सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्या शेगडीत मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेली चिनी मातीची जाळी असते आणि तिच्यावर पॅलेडियम किंवा प्लॅटिनमचा पातळ लेप असतो. या उत्प्रेरकामुळे तोच धूर २६० अंशांच्या आसपास पेटतो व त्याचीही ऊब मिळते.

मात्र ही शेगडी शिस्त मागते. पेटवताना धूर थेट धुराड्यात सोडणारी झडप उघडी ठेवायची. तापमापकाचा काटा योग्य खुणेवर आला की ती बंद करून धूर जाळीतून वळवायचा, आणि मग हवा हळूहळू कमी करायची. लाकूड घालण्यासाठी दार उघडण्यापूर्वी झडप पुन्हा उघडायची. रंगवलेली फळी, प्लायवूड, प्लास्टिक, चकचकीत कागद यांतले काहीही आत जाता कामा नये. त्याने जाळी निकामी होते. ओल्या लाकडाने ती थंड पडते. म्हणून पुतण्या प्रत्येक ओंडका फोडून, आतल्या बाजूला ओलावामापक टोचून पाही. काटा २० टक्क्यांवर गेला की लाकूड परत थप्पीत!

ते पाहताना मी मनात हिशेब मांडला. ताज्या तोडीच्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. म्हणजे एक क्विंटल घेतले, तर ५० किलो पाण्याचे पैसे दिले. तेच लाकूड २० टक्के ओलाव्यापर्यंत वाळले की साडेबासष्ट किलो भरते. शिवाय उरलेले पाणी आधी वाफ होऊन जाते. त्यात उष्णता खर्च होते, जाळ थंड पडतो आणि धूर वाढतो. स्वस्त सौदा असा महाग पडतो.

खानदेशात प्लॅटिनमची जाळी लागत नाही. आपल्याकडे ऊन आहे. बाभूळ-निंबाचे लाकूड फाल्गुनातच घ्यावे, मनगटाएवढे फोडावे. विटांवर, जमिनीपासून उंच, मध्ये हवा खेळेल असे रचावे. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा लाकूड आपोआप वाळते. आषाढापूर्वी वरून झाकावे, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. टोकांना भेगा पडल्या, साल सुटू लागली आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटता खणखणीत आवाज आला, की लाकूड तयार. बद्द आवाज आला तर थांबावे. तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या पेटवणाला उत्तम, पण त्या भरभर जळतात. टिकाऊ निखारा बाभळीचाच. कण्हेर कधीही जाळू नये. तिचा धूरही विषारी असतो. पोकळ, किडके लाकूड तर घेऊच नये. आपल्या घरांत लाकूड झटकून, चूल पुंजणीने पुंजून मगच पेटवण्याची रीत आहे. ही जयणा कोरड्या लाकडाच्या बाबतीत सोपी जाते, कारण ओल असते तिथे जीवजंतू अधिक आश्रय घेतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. पुण्याच्या 'आरती' संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, धुराड्याची 'लक्ष्मी' चूल गावोगाव पोहोचवली. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅसही आला. तरीही बंब, सामूहिक पारणे, लग्नाची पंगत इथे लाकूड आहेच. तिथे धुराडे, मोकळी हवा आणि कोरडे लाकूड या तीन गोष्टी पाहणे घरच्या कर्त्या पुरुषांचे काम आहे. चुलीपुढे बसणाऱ्या माउलीवर ते सोडू नये.

मातोश्री आज नाहीत. त्यांची फुंकणी खुंटीला आहे. यंदाची थप्पी मी फाल्गुनातच रचली. पर्युषणात बंब पेटवताना सूनबाईंना तिची गरज पडली नाही.