टीव्ही पहिल्या नंबरकडे, आपण ६४ व्या नंबरकडे

दिंडोरीच्या बॅचमध्ये कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या एका दादांनी विचारलं, "सर, नाशिकच्या मोठ्या दुकानांपुढे आपला नंबर कधी लागायचा? बंदच करून टाकू का?" व्हिडिओत वेळ पुरला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. मी त्यांना उदाहरण दिलं ते त्यांच्याच तालुक्यातल्या, पिंपळगाव केतकीच्या मोनिका आथरेचं.

६ ऑगस्ट २०१७, रविवार. लंडनला जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेची महिला मॅरेथॉन. टॉवर ब्रिजवरून सुरू होऊन तिथेच संपणारी, ४२.१९५ किलोमीटरची. त्यात दिंडोरीची पोरगी!

आता घरात टीव्हीसमोर बसून मॅरेथॉन बघायची म्हणजे काय, ते सांगतो. क्रिकेटमध्ये अकरावा गडी आला तरी कॅमेरा त्याच्यावर असतो. २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने १०,००० मीटरला ब्राँझ मिळवलं, ती शर्यत २५ फेऱ्यांची, पण एकाच स्टेडियममध्ये. मागे पडलेलीही कुठेतरी दिसतेच. मॅरेथॉनचं तसं नाही. कॅमेऱ्याची गाडी पुढच्या घोळक्याबरोबर निघून जाते. आपलं माणूस शोधायला डोळे ताणून बसा, जाहिराती बघा आणि चहा गार करा.

बहारीनची रोझ चेलिमो २ तास २७ मिनिटं ११ सेकंदांत जिंकली. मोनिकाला लागले २ तास ४९ मिनिटं ५४ सेकंद, नंबर ६४ वा. सरासरी काढली तर चेलिमो रेषा ओलांडत होती तेव्हा मोनिकाचे अजून साडेपाच किलोमीटर बाकी होते. टीव्हीवाल्यांची शर्यत संपली, तिची चालूच होती.

पण ती तिथे पोचली कशी? त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्ली मॅरेथॉन तिने २:३९:०८ मध्ये जिंकली होती. लंडनच्या प्रवेशाची वेळ होती २:४५. म्हणजे जागा कोणी दया म्हणून दिली नव्हती.

६४ वा नंबर म्हणजे मोठा विजय, असं भाषण मी देणार नाही. दिल्लीपेक्षा पावणेअकरा मिनिटं जास्त लागली, हे खरंच आहे. पण नंबर बघून ते कळत नाही, वेळ बघून कळतं. शिवाय चेलिमोची वेळ तरी कुठे विक्रमी होती? लंडनमध्येच २००३ साली पॉला रॅडक्लिफ २:१५:२५ मध्ये धावली होती. अशा स्पर्धेत वेग बांधून द्यायला कोणी नसतं, सगळ्या एकमेकींवर नजर ठेवून पळतात. तेव्हा तुलना करतानाही जपून.

आता गंमत बघा. ती पावणेअकरा मिनिटं किलोमीटरवर वाटली तर येतात जेमतेम १५-१६ सेकंद. दिल्लीला किलोमीटरमागे साधारण ३ मिनिटं ४६ सेकंद, लंडनला ४ मिनिटं २ सेकंद. एका किलोमीटरला जाणवणारही नाही.

दादांना म्हटलं, तुमच्या दुकानात असंच धरा. दर बिलामागे १६ रुपये गळतात: कुठे हमाली आपण भरली, कुठे वरचे सुटे सोडले, कुठे उधारी तीन महिने लांबली. दिवसाला ४० बिलं, म्हणजे ६४० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर १६,६४० रुपये. हे नाशिकच्या दुकानाने नेले का? तुमच्याच गल्ल्यातून गेले. आणि दुकान बंद करायचा निर्णय तुम्ही समोरच्याचा बोर्ड बघून घेताय.

दादा जरा गप्प झाले. मग म्हणाले, "उधारीची वही वेगळी आहे, ती मंडळी लिहितात." म्हटलं, तीच आणा, आणि वहिनींनाही सोबत आणा. गेल्या द्राक्ष हंगामातली बिलं आणि ही वही, दोन्ही शेजारी ठेवून किलोमीटरचा हिशोब पुढच्या बॅचला करू.