सिपनाकाठचा मुक्काम

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या घरांतले बेत ठरलेले असतात. नानीचं घर, नात्यातली लग्नं, फार झालं तर हैदराबाद नाहीतर अजमेर. दोन रात्री जंगलात जाऊन राहावं, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. बायका-मुलांची, म्हाताऱ्या माणसांची सोय होईल का आणि खायचं काय, या दोन प्रश्नांवरच बेत मोडतो. गेल्या मे महिन्याच्या सुरुवातीला आम्ही अब्बा-अम्मी आणि मुलांसह मेळघाटात कोलकासला राहून आलो. म्हणून हे लिहावंसं वाटलं.

दिग्रसहून दारव्हा, नेर, अमरावती, परतवाडा असा रस्ता आहे. परतवाडा सोडलं की घाट लागतो आणि सेमाडोहच्या पुढे कोलकास येतं. वनविभागाचं विश्रामगृह सिपना नदीच्या उंच काठावर आहे. व्हरांड्यात बसलं की खाली नदीचं वळण दिसतं. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, आणि नदीला हे नाव शोभतं. मे महिन्यात सागाची पानं गळालेली, डोंगर करडे झालेले, पण काठावरचे जांभूळ आणि अर्जुन मात्र हिरवे. नदी वाहायची थांबते, तरी तिच्या खोल डोहांत पाणी राहतं. त्या दिवसांत जंगलातली जनावरं या डोहांवरच जगतात. आपल्या अरुणावतीचं पाणी पैनगंगेतून पुढे गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जातं. सिपनाचं तापीतून सुरतेकडे, अरबी समुद्रात. एकाच विदर्भाचं पाणी दोन दिशांना जातं, हे मुलांना नकाशापेक्षा तिथे जास्त चांगलं समजलं.

खाण्याचा प्रश्न सोपा निघाला. आम्ही शाकाहारी जेवण सांगितलं. भाकरी, पिठलं, ठेचा आणि कांदा. सोबत घरची खजूर आणि शेव होती. नमाज व्हरांड्यात चटई टाकून झाली. फजरच्या आधी अब्बांना नदीवर जाऊन वजू करायचा होता. चौकीदाराने त्यांना नम्रपणे थांबवलं. "चाचा, ही वेळ त्यांची आहे. तुम्हाला नळ आहे, त्यांना हा डोहच आहे." अब्बा नळावर गेले. थोडं उजाडलं तेव्हा खाली डोहावर सांबराची मादी आणि तिचं पिल्लू पाणी पीत होतं. कुणी काही बोललं नाही.

मेळघाटात वाघ दिसेलच असं नाही. १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाटाची निवड झाली, पण इथला मुलूख डोंगराळ आणि दाट आहे. मोकळ्या मैदानासारखं जनावर समोर येत नाही. आम्हाला वाघाच्या पंज्याचे ठसे दिसले, रानगवे दिसले, आणि वानराचा इशारा ऐकू आला. वाटाड्याने वाळक्या सागाच्या फांदीवर बसलेला रानपिंगळा दाखवला. १८८४ नंतर ११३ वर्षं हा पक्षी कुणालाच सापडला नव्हता. तो नामशेष झाला असंच मानलं जात होतं. १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला, आणि नंतर मेळघाटातही मोठ्या संख्येने आढळला. हा घुबडाच्या जातीचा पक्षी दिवसा वावरतो. मुठीएवढा जीव, पण मुलांना वाघ न दिसल्याची आठवणही राहिली नाही.

तो वाटाड्या कोरकू होता. कुठलं झाड केव्हा फुलतं, कुठला आवाज कशाचा, हे त्याला तोंडपाठ. त्याची आत्या ज्या गावात राहायची, ते गाव उठवून अकोटकडे सपाटीवर नेलं आहे. बोरी, कोहा, कुंड अशी गावं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच हलली, पुढे आणखी हलली. तिकडे शाळा, दवाखाना, रस्ता जवळ आला, असं तो म्हणाला. आणि मोहाची फुलं वेचायला आत्याला आता जागाच उरली नाही, असंही म्हणाला. ज्या शांततेसाठी आपण पैसे भरून जातो, ती कुणीतरी आपलं घर सोडून दिलेली आहे. हे ठाऊक असलं की माणूस तिथे जरा जपून वागतो.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगतो. खोल्या थोड्या आहेत, सुट्टीत लवकर भरतात, म्हणून वनविभागाकडे आगाऊ नोंदणी करा. पावसाळ्यात सफारीचे मार्ग बंद असतात, तेव्हा आधी चौकशी करूनच निघा. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत. अत्तर घरीच ठेवा, तीव्र वास तिथे चालत नाही. मोबाइलला आम्हाला रेंज मिळाली नाही, म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा. अमरावती, परतवाड्यातूनच औषधं घेऊन चला. वानरांना काही खायला टाकू नका आणि प्लॅस्टिक परत घेऊन या. सफारीचा वाटाड्या शक्यतो गावातलाच घ्या, त्याची मजुरी तिथल्याच चुलीला लागते.

आपल्या घरात पाहुणा आला तर तो वेळेवर येतो, आवाज बेताचा ठेवतो आणि यजमानाच्या सोयीने उठतो, ही रीत आपण मुलांना शिकवतोच. जंगलात फक्त एवढीच रीत पाळायची असते. ती ज्यांना येते, त्यांच्या अम्मी-अब्बांनाही कोलकासचा व्हरांडा मोकळा आहे.